सी ड्राइव्ह भरला आहे आणि डिस्कवर २७० जीबी जागा पडून आहे. ती वापरात कशी आणावी?

प्रश्न — गावभाग, सांगली

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी २०११ साली असेंबल करून घेतलेला संगणक आहे. त्यात २ जीबी रॅम आणि ५०० जीबीची एकच हार्ड डिस्क असून त्यावर विंडोज ७ चालते. मी निवृत्त शिक्षिका आहे. माझे काम टायपिंग, फोटो आणि थोडेफार वाचन एवढेच असल्याने या संगणकाने आजवर काही कमी पडू दिले नाही. गेल्या महिन्यापासून मात्र सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसू लागली आहे. ९७.६६ जीबीपैकी जेमतेम ६ जीबी शिल्लक दाखवते, आणि एखादी मोठी फाइल उघडली की जागा कमी असल्याची सूचना येते.

आमची डिस्क दोनशे जीबीचीच आहे, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते, कारण 'कॉम्प्युटर' उघडल्यावर सी आणि डी असे ९७.६६ जीबीचे दोनच ड्राइव्ह दिसत. परवा भाच्याने फोनवरून सांगितल्याप्रमाणे 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'मॅनेज' आणि त्यातले 'डिस्क मॅनेजमेंट' उघडले, तेव्हा खालच्या बाजूला डावीकडून उजवीकडे अशी मांडणी दिसली: आधी १०० एमबीचा 'सिस्टम रिझर्व्ह्ड', मग सी, मग डी, आणि शेवटी काळ्या पट्टीखाली २७०.३४ जीबी 'अनॲलोकेटेड', म्हणजे कोणत्याही ड्राइव्हला न दिलेली जागा. काही वर्षांपूर्वी विंडोज नव्याने टाकून घेतले होते, तेव्हा ही जागा तशीच सोडून दिली गेली असावी. सीवर राइट क्लिक केले तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय दिसतो, पण तो फिकट असून त्यावर क्लिक होत नाही. डीवर मात्र तोच पर्याय चालू आहे.

माझी खरी काळजी डी ड्राइव्हची आहे. आमच्या सासूबाईंनी जात्यावरच्या ओव्या वह्यांमध्ये लिहून ठेवल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले तेव्हा संगणक वरच्या मजल्यावर असल्याने वाचला, पण वह्यांची ट्रंक खाली राहिली. पाणी ओसरल्यावर आम्ही पान-पान सोडवून, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून, पंख्याखाली त्या वाळवल्या आणि जेवढी पाने वाचता येत होती त्या सगळ्यांचे फोटो काढले. पुढे बुरशीमुळे मूळ वह्या ठेवता आल्या नाहीत. आता ते अकराशेच्या आसपास फोटो आणि त्यांवरून मी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या फाइली एवढेच उरले आहे, आणि ते सर्व डीमध्ये आहे. डीमध्ये एकूण ७१ जीबी मजकूर आहे.

तरी जाणकारांनी कृपया सांगावे की मागे एवढी जागा मोकळी असताना सी वाढत का नाही, ती जागा सीला देता येईल का, आणि हे करताना डीमधल्या मजकुराला धक्का लागण्याची शक्यता कितपत आहे. आमच्याकडे वीज अधूनमधून जाते. यूपीएस आहे, त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वी बदललेली आहे.

उत्तर १ — संगणक दुरुस्ती, विश्रामबाग

नमस्कार ताई.

आपण मांडणी अगदी क्रमाने लिहिलीत, त्यामुळे अंदाजाने बोलावे लागत नाही. ९७.६६ हा आकडा आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच ओळखू येतो. विंडोज टाकताना ड्राइव्हचा आकार एमबीमध्ये विचारला जातो, तिथे बहुतेक जण १,००,००० असा गोल आकडा टाकतात, आणि १०२४ ने भागल्यावर तो ९७.६६ जीबी दिसतो. आपल्याकडे दोन वेळा एक लाख टाकले गेले आणि उरलेली जागा तशीच राहिली. डिस्कवर ५०० लिहिलेले असूनही विंडोज एकूण ४६५.७६ जीबी दाखवते, यातही काही कमी पडलेले नाही. कंपनी जीबी मोजताना हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीने मोजते, एवढाच तो फरक आहे.

आता सी का वाढत नाही ते सांगतो. पार्टिशन म्हणजे डिस्कवरचा एक सलग पट्टा असतो आणि त्याची नोंद 'इथून सुरू, इतका लांब' अशी ठेवलेली असते. विंडोज त्याला फक्त उजव्या टोकाने वाढवू किंवा कमी करू शकते, आणि वाढवायचे तर त्या टोकाला लागूनच काळी जागा असावी लागते. आपल्या सीच्या उजवीकडे लागून डी आहे, आणि मोकळी जागा डीच्या पलीकडे आहे. शेतात आपला आणि मोकळ्या वावराचा बांध एक नसेल, मध्ये दुसऱ्याचे वावर असेल, तर नांगर थेट तिकडे नेता येत नाही, तसेच हे आहे. डीला मात्र ती जागा लागून आहे, म्हणून डीवर तोच पर्याय चालू दिसतो.

काही सॉफ्टवेअर डीलाच उजवीकडे सरकवून देतात, आणि त्यांच्या जाहिरातीत हे काम एका क्लिकचे वाटते. प्रत्यक्षात डीची सुरुवात बदलायची म्हणजे त्यातला सगळा मजकूर उचलून डिस्कवर पुढे नेऊन ठेवावा लागतो. हे काम काही तास चालते, आणि मध्येच वीज गेली किंवा डिस्कने एखादा भाग वाचायला नकार दिला, तर अर्धा मजकूर जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी अशी अवस्था होते. अशा डिस्का माझ्याकडे आलेल्या आहेत. त्यांतले सगळे परत मिळाले, असे मी म्हणू शकत नाही. म्हणून आपल्या बाबतीत तो मार्ग मी सुचवणार नाही.

काहीही करण्यापूर्वी दोन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली म्हणजे ओव्यांचे फोटो आणि फाइली या संगणकाच्या बाहेर कुठेतरी असल्याच पाहिजेत. काळ्या जागेत नवा ड्राइव्ह करून त्यात प्रत ठेवली की मजकूर सुरक्षित झाला, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. सी, डी आणि नवा ड्राइव्ह ही नावे वेगळी असली तरी आत फिरणाऱ्या तबकड्या त्याच, त्यांची मोटर तीच आणि त्यावरचे सर्किटही तेच असते, त्यामुळे डिस्क गेली की तिन्ही एकदम जातात. घरात मध्ये भिंत घातली म्हणून दुसरे घर होत नाही. म्हणून एक बाहेरची यूएसबी डिस्क घ्या आणि डी पूर्ण तिच्यावर उतरवून घ्या. आपल्या संगणकाचे यूएसबी पोर्ट जुन्या प्रकारचे असणार, त्यामुळे ७१ जीबीला तासभर किंवा त्याहून थोडा जास्त वेळ लागेल. त्यानंतर ती डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकाला लावून पाच-दहा फोटो आणि दोन-तीन फाइली खरोखर उघडून पाहा.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्कची प्रकृती. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. विंडोज ७ वर चालणारी त्याची आवृत्ती घेऊन 'रिॲलोकेटेड सेक्टर्स काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या दोन ओळी पाहा. डिस्कचे किती बारीक तुकडे खराब म्हणून बदलले गेले आणि किती संशयास्पद आहेत, ते त्यांवरून कळते. शेवटच्या रकान्यातला आकडा सोळाच्या पायाने लिहिलेला असतो, त्यामुळे त्यात ए, बी, सी अशी अक्षरे दिसली तरी गोंधळू नका. या दोन्ही ओळींमध्ये सगळी शून्येच असावीत. तिथे दुसरे काही असेल आणि विशेषतः तो आकडा वाढत असेल, तर पार्टिशनचा विचार सोडून आधी डिस्क बदलावी.

हे दोन्ही झाले की मग कामाचा क्रम असा राहील. काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' घ्यावे. आकार येईल तो तसाच ठेवावा, फाइल सिस्टम एनटीएफएस ठेवावी, आणि 'क्विक फॉरमॅट'समोरची खूण काढून टाकावी. ही खूण काढण्याबद्दल माझा आग्रह आहे. डिस्कचा हा भाग वर्षानुवर्षे कोणी वापरलेला नाही. तो खरोखर चांगला आहे की नाही हे त्यावर लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि विंडोज ७ मधले पूर्ण फॉरमॅट त्या संपूर्ण पट्ट्यावर शून्य लिहून तपासणी करते. तास-दीड तास लागेल, तो लागू द्यावा. त्यानंतर डीमधला मजकूर नव्या ड्राइव्हमध्ये कॉपी करावा. 'कट' करू नये. दोन्हीकडचे 'प्रॉपर्टीज' उघडून फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकार जुळवून पाहावा. जुळल्यावरच डीवर 'डिलीट व्हॉल्यूम' करावे, म्हणजे सीच्या लगत काळी जागा तयार होते आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' सुरू होते. सी वाढायला काही सेकंदच लागतात, कारण त्यात मजकूर हलत नाही, फक्त लांबीची नोंद बदलते. शेवटी नव्या ड्राइव्हचे अक्षर बदलून त्याला डी द्यावे, म्हणजे जुने शॉर्टकट चालत राहतील.

यात एक अट आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डीच्या डोक्यावरची पट्टी कोणत्या रंगाची आहे ते पाहून कळवा. गडद निळी असेल तर ते प्रायमरी, म्हणजे डिस्कवर स्वतंत्र नोंद असलेले पार्टिशन आहे आणि वरचा क्रम जसाच्या तसा लागू पडतो. फिकट निळी पट्टी आणि भोवती हिरवी चौकट असेल, तर डी हे एक्स्टेंडेड पार्टिशनच्या, म्हणजे आत अनेक ड्राइव्ह बसवता येणाऱ्या मोठ्या पार्टिशनच्या, आतले लॉजिकल ड्राइव्ह आहे. तसे असल्यास डी काढल्यावर काळ्याऐवजी हिरवी 'फ्री स्पेस' उरते, आणि ती सीला देता येत नाही. दिसायला दोन्ही जागा मोकळ्याच दिसतात, पण त्यांचे मालक वेगळे असतात.

'सिस्टम रिझर्व्ह्ड'ला मात्र कोणत्याही परिस्थितीत हात लावू नका. तो १०० एमबीचाच असला तरी विंडोज सुरू करणाऱ्या फाइली त्यातच असतात.

उत्तर २ — पोवई नाका, सातारा

नमस्कार. विश्रामबागच्या सरांनी सांगितलेली कृती अचूक आहे आणि त्यातल्या कोणत्याही पायरीला माझा विरोध नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. सी ड्राइव्ह कशाने भरला, हे अजून कोणीच पाहिलेले नाही.

विंडोज ७, त्याचे अपडेट, एक ऑफिस आणि चार किरकोळ सॉफ्टवेअर एवढ्याने ९० जीबी भरत नाहीत. ताईंचे काम टायपिंगचे आणि फोटोंचे आहे. बहुतेक घरांमध्ये असे होते की मोबाइलमधले फोटो 'माय पिक्चर्स'मध्ये उतरवले जातात, आलेल्या फाइली 'डाउनलोड्स'मध्ये साठतात आणि रोज लागणारे सगळे डेस्कटॉपवर ठेवले जाते. डेस्कटॉप हा समोरचा पडदा वाटतो, पण तो प्रत्यक्षात सीमधलाच एक फोल्डर आहे. तो भरला की सी भरतो. आमच्याच घरात डेस्कटॉपवर लग्नाच्या व्हिडिओचा २२ जीबीचा फोल्डर पडलेला होता, आणि आम्ही जुन्या संगणकाला दोष देत होतो.

म्हणून ताई, आधी सी उघडून त्यातल्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये आपल्या नावाच्या फोल्डरवर राइट क्लिक करा आणि 'प्रॉपर्टीज'मध्ये त्याचा आकार पाहा. तो वीस-पंचवीस जीबीच्या पुढे असेल, तर सी वाढवण्याची गरजच नाही आणि डी काढण्याची तर मुळीच नाही. काळ्या जागेचा नवा ड्राइव्ह करावा. त्यात आधी 'दस्तऐवज', 'फोटो', 'डाउनलोड' असे वेगवेगळे फोल्डर तयार करावेत. मग आपल्या नावाच्या फोल्डरमधल्या 'माय डॉक्युमेंट्स'च्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन' हा भाग आहे, तिथे 'मूव्ह' दाबून नवा फोल्डर दाखवावा. विंडोज विचारते की आतल्या फाइलीही हलवू का. त्याला होकार द्यावा. फोटो, डाउनलोड आणि डेस्कटॉप या तिघांनाही हेच लागू आहे. पुढे वापरताना काही फरक जाणवत नाही. 'माय डॉक्युमेंट्स' पूर्वीसारखेच उघडते, जागा तेवढी दुसरीकडची लागते.

येथे एक चूक फार जण करतात, ती टाळावी. 'मूव्ह' करताना नुसता ड्राइव्ह दाखवू नये, त्याच्या आतला फोल्डरच दाखवावा. नुसता ड्राइव्ह दाखवला तर विंडोज तो संपूर्ण ड्राइव्हच 'माय डॉक्युमेंट्स' समजू लागते आणि नंतर ते सोडवताना नाकी नऊ येतात. आणि 'ॲपडेटा' नावाचा लपलेला फोल्डर जागा खातो म्हणून हलवू नये, तो सॉफ्टवेअरांचा असतो.

जे काम न हलवता होते तिथे हलवण्याचा धोका का घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे, विशेषतः ज्या पानांची मूळ वही आता जगात नाही त्यांच्या बाबतीत.

उत्तर ३ — मिरज

वरील दोन्ही उत्तरांत आले नाही असे एक सांगतो, कारण मला त्याची किंमत मोजावी लागली आहे.

ज्या पद्धतीने आपली डिस्क विभागलेली असणार, त्या जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्रायमरी पार्टिशन बसतात. आपल्याकडे 'सिस्टम रिझर्व्ह्ड', सी आणि डी अशी तीन आहेत, त्यामुळे चौथ्या वेळी विंडोज आपोआप एक्स्टेंडेड पार्टिशन करून त्यात नवा ड्राइव्ह बसवेल आणि काही विचारणार नाही. परंतु माझ्या जुन्या लॅपटॉपवर तयार विंडोज परत टाकण्यासाठीचा एक लपलेला भाग आधीपासून होता आणि चार पूर्ण झाले होते. मी सीमधून जागा काढून नवा ड्राइव्ह करायला गेलो, तेव्हा ही डिस्क 'डायनॅमिक', म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या वेगळ्या पद्धतीने विभागलेली, होईल अशी एक पिवळ्या त्रिकोणाची सूचना आली. मी ती न वाचता 'येस' दाबले. ड्राइव्ह तयार झाला, सगळे चालू राहिले आणि मी निश्चिंत झालो. पुढे विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली टाकायचे ठरवले तेव्हा ते त्या डिस्कवर बसेना, आणि डिस्क पुन्हा साधी करायची तर विंडोजच्या नियमाप्रमाणे त्यावरचे सगळे व्हॉल्यूम काढून टाकावे लागतात. शेवटी सर्व मजकूर बाहेर काढून डिस्क पूर्ण पुसावी लागली, त्यात दोन रविवार गेले.

म्हणून वाचणाऱ्या सर्वांना विनंती आहे की 'डायनॅमिक' हा शब्द दिसला की 'नो' दाबा आणि आधी विचारा.

आणखी एक. विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आहे. टायपिंगला आणि फोटोंना त्याची अडचण नाही, परंतु बँकेचे व्यवहार या संगणकावरून करू नयेत.

प्रश्नकर्ती — गावभाग, सांगली

आपण तिघांनी इतक्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सांगितले तसे एकेक पाहिले, ते कळवते.

डीच्या डोक्यावरची पट्टी सीसारखीच गडद निळी आहे, हिरवी चौकट कुठेही नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये निळ्या चौकटीत 'गुड' आले. आपण सांगितलेल्या दोन्ही ओळींच्या शेवटी फक्त शून्ये आहेत, आणि वर उजवीकडे डिस्क चालू राहिल्याचे तास ११,४०० च्या आसपास दाखवले आहेत.

साताऱ्याच्या सरांचा तर्क बरोबर निघाला. 'यूजर्स'मध्ये माझ्या नावाच्या फोल्डरचा आकार ४८ जीबी आहे. त्यातले २९ जीबी 'माय पिक्चर्स'मध्ये आहेत, म्हणजे मुलीने दर सुट्टीत माझ्या मोबाइलमधून उतरवून दिलेले सगळे फोटो तिथे आहेत आणि त्यांतले कितीतरी दोन-दोन वेळा आहेत. डेस्कटॉपवर ११ जीबी आहेत. मी ओव्यांच्या कामाचा फोल्डर हाताशी असावा म्हणून डीमधून तिथे कॉपी केला होता आणि पुढची सगळी दुरुस्ती त्या डेस्कटॉपवरच्या प्रतीत केली आहे, हेही आता ध्यानात आले. म्हणजे डीमध्ये जुनी प्रत आणि सीमध्ये नवी प्रत, असे झाले आहे. डी सुरक्षित राहिला म्हणजे सगळे सुरक्षित, असे मी समजत होते, तेही पूर्णपणे खरे नव्हते.

तेव्हा डी काढून सी वाढवण्याऐवजी नवा ड्राइव्ह करून फोल्डर हलवावेत, असा माझा विचार आहे. विश्रामबागच्या सरांना हे पटते का, ते कळवावे. बाहेरची १ टीबीची डिस्क आजच आणवली आहे.

उत्तर १ — संगणक दुरुस्ती, विश्रामबाग

ताई, पूर्णपणे पटते. मी आपल्या प्रश्नाचे शब्द धरून उत्तर दिले आणि सी कशाने भरला हे विचारायचे राहून गेले. माझ्याकडे येणाऱ्या संगणकांवर मोठमोठी सॉफ्टवेअर असतात आणि तिथे सी वाढवण्याशिवाय इलाज नसतो, त्यामुळे सवयीने तोच मार्ग आधी सुचला. आपल्या बाबतीत साताऱ्याच्या सरांचा मार्गच योग्य आहे.

बाहेरच्या डिस्कवर डीबरोबर आपल्या नावाच्या फोल्डरमधले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हेही घ्या. दोन्ही प्रती वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवा, एकमेकींवर कॉपी करू नका, नाहीतर जुनी फाइल नवीवर बसेल. कोणती प्रत खरी हे नंतर सावकाश ठरवता येईल. काम सुरू करण्यापूर्वी यूपीएसचा भिंतीवरचा स्विच एकदा बंद करून तो किती मिनिटे तग धरतो ते पाहा. ही परीक्षा मात्र कॉपी चालू असताना घेऊ नका.

प्रश्नकर्ती — गावभाग, सांगली

काम पार पडले, म्हणून सविस्तर कळवते. दुसऱ्या कोणाला उपयोग झाला तर आनंदच आहे.

यूपीएसने परीक्षेत सात मिनिटेच दम धरला. तेवढ्यात संगणक नीट बंद करता येतो, पण फॉरमॅट पूर्ण होणार नाही, म्हणून शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवरून वायर घेतली आणि सकाळी सहा वाजता सुरुवात केली. आधी डी आणि माझ्या नावाचा फोल्डर असे दोन्ही बाहेरच्या डिस्कवर घेतले. छोट्या फाइली पुष्कळ असल्याने त्यालाच अडीच तास लागले. फाइलींची संख्या जुळवली. मग काळ्या पट्टीवर नवा ड्राइव्ह केला. 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढली होती, त्यामुळे टक्केवारी हळूहळू वर सरकत सुमारे सव्वा तासाने पूर्ण झाली, आणि कोणतीही चूक दाखवली नाही. सीडीचा ड्राइव्ह ई असल्याने नव्याला एफ हे अक्षर मिळाले. त्याला 'संग्रह' असे मराठीतच नाव दिले, तेही घेतले गेले.

नव्या पट्टीभोवती हिरवी चौकट आली, तशी मी जराशी दचकले होते, पण मिरजेच्या सरांनी आधीच लिहून ठेवल्यामुळे ती का आली ते कळले. 'डायनॅमिक'ची सूचना आली नाही.

फोल्डर आधी तयार करून एकेक हलवले. पिक्चर्सला सर्वात जास्त वेळ लागला. आता सीमध्ये ४९ जीबी मोकळी जागा आहे, पट्टी निळी झाली आहे, आणि डीला मी बोटही लावलेले नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या सूचनेमुळेच उघड झाली. बाहेरची डिस्क मी शेजारच्या मुलाच्या संगणकाला लावून पाहिली. फोटो सगळे नीट उघडले. ओव्यांच्या टाइप केलेल्या फाइली उघडल्या तेव्हा मात्र मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची नुसती गर्दी दिसली. क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. फाइली बिघडल्या आहेत का?

उत्तर १ — संगणक दुरुस्ती, विश्रामबाग

ताई, फाइली बिघडलेल्या नाहीत. श्रीलिपीचा तो फॉन्ट शेजारच्या संगणकात नाही, एवढेच झाले आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर साठवलेला असतो आणि त्याला मराठी रूप फॉन्ट देतो. फॉन्ट नसला की ते आतले सांगाडे उघडे दिसतात. आपल्या संगणकात सीमधल्या 'विंडोज' फोल्डरमध्ये 'फॉन्ट्स' आहे, त्यातून आपण वापरलेल्या श्रीलिपीच्या फॉन्टांच्या फाइली कॉपी करून ओव्यांच्या फाइलींशेजारीच बाहेरच्या डिस्कवर ठेवा. सी कधी पुसला गेला तर फॉन्ट त्याच्याबरोबर जातील, आणि मग ओव्या हातात असून वाचता येणार नाहीत.

त्याशिवाय प्रत्येक फाइलची एक पीडीएफ प्रत करून ठेवा. पीडीएफ करताना फॉन्ट सहसा त्या फाइलीतच बसवला जातो, त्यामुळे ती कोणत्याही संगणकावर आणि मोबाइलवर जशीच्या तशी दिसते. आपल्या ऑफिसमध्ये पीडीएफ करण्याची सोय नसेल तर लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. सुरुवातीला एकच फाइल करून ती शेजारच्या संगणकावर उघडून पाहा, आणि नीट दिसली की मग बाकीच्या करा.

प्रश्नकर्ती — गावभाग, सांगली

फॉन्टच्या चौदा फाइली निघाल्या, त्या कॉपी केल्या. पहिल्या वहीची पीडीएफ करून शेजारी उघडली आणि पहिली ओवी ऱ्हस्व-दीर्घासह जशीच्या तशी दिसली. उरलेल्या सहा वह्या उद्या करीन. बाहेरची डिस्क पावसाळाभर मुलीकडे विश्रामबागेत ठेवायचे ठरवले आहे.